कडुनिंबाखाली खर्ज का पोचला नाही

कार्यक्रम संपला तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजले होते. दहाला आवाज बंद करायचा म्हणून शेवटचं गाणं आम्ही घाईतच उरकलं होतं. मी स्टेजवर केबल गुंडाळत बसलो होतो, तेवढ्यात आमच्या बेसवाल्याचे वडील मैदानाच्या कडेकडेने चालत आले. त्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडण्या-जोडण्यात नोकरी घालवलेला माणूस. मुलाने गिटार घेतली तेव्हा ते काही बोलले नव्हते, आणि त्यातही चारच तारांची गिटार घेतली तेव्हा तर अजिबातच बोलले नव्हते. त्यांनी मुलाला स्टेजवर वाजवताना पहिल्यांदाच ऐकलं होतं, तेही काकूंनी ढकलून पाठवलं म्हणून.

काकांनी पोराकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तू मधे मधे थांबत होतास का रे?"

तो थांबला नव्हता. दीड तास घाम गाळून वाजवत होता. मी मिक्सरवर उभा होतो, मैदानाच्या बरोबर मध्यावर, आणि तिथे त्याचा बेस छातीवर आदळत होता. मी तर उलट दोनदा कमी केला होता. काका मात्र डावीकडच्या कडुनिंबाखाली उभे होते, कारण तिथे टेकायला पार होता.

त्या रात्री टेम्पोत आमचा बेसवाला एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, पुढच्या वेळी आणखी दोन सब भाड्याने आणू, प्रश्न मिटेल. पुढच्या वेळी आणले. प्रश्न मिटला नाही. मध्यावरची मंडळी कानात बोटं घालू लागली आणि कडेला तीच बोंब. मग मी वाचायला लागलो. कळलं ते असं, की ज्या चुका आम्ही भाड्याचे पैसे भरून करत होतो, त्या जगाने आधीच करून ठेवल्या होत्या. त्यांच्यावरचे उपायही शोधून झाले होते. ही त्या शोधाची गोष्ट.

खर्ज म्हणजे हवेची हमाली

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. आवाज म्हणजे हवेची हालचाल. बासरीचा उंच सूर काढायला हवा थोडीशीच हलावी लागते, पण फार वेगाने. खर्ज काढायला हवा सावकाश हलते, पण पुष्कळ हलवावी लागते. किती पुष्कळ? सूर एक सप्तक खाली नेला आणि आवाजाचा दाब तेवढाच ठेवायचा म्हटलं, तर स्पीकरचा पडदा चौपट अंतर पुढेमागे जावा लागतो. दोन सप्तकं खाली गेलात तर सोळापट. म्हणून ट्विटर बांगडीएवढा असतो आणि सब-वूफरचं खोकं गोदरेजच्या कपाटाशी स्पर्धा करतं.

आपल्याकडच्या ढोलवाल्यांना हे कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. ताशा लहान, ढोल मोठा. ताशाची काडी कडकडते आणि ढोलाचं पान घुमतं. मोठं पान जास्त हवा ढकलतं. पन्नास ढोल एका तालात पडले की खिडकीची काच थरथरते, ती विजेशिवाय.

दुसरी गोष्ट आपल्या कानाची. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली आलेख काढून दाखवलं, की माणसाचा कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. खालच्या सुरांच्या बाबतीत तो बराच बहिरा आहे, आणि आवाज जितका हळू, तितका जास्त बहिरा. मोबाइलवर आवाज कमी केला की गाण्यातला बेस सगळ्यात आधी गायब होतो, तो यामुळे.

म्हणजे निसर्गाने खर्जाला दोन्हीकडून मारलंय. तो काढायला जास्त कष्ट, आणि काढला तरी कान त्याला कमी मोजतो. थेट मैफलीतल्या ध्वनियंत्रणेचा शंभर वर्षांचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात या दोन अडचणींशी चाललेल्या झटापटीचा इतिहास आहे.

कर्ण्याचं राज्य

सुरुवातीला खर्ज कुणाला हवाच नव्हता. कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी विजेवर चालणारा भोंगा तयार केला आणि १९१५च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत तो हजारो लोकांना ऐकवला. चार वर्षांनी, १९१९मध्ये, राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन डिएगोच्या मैदानात अशाच भोंग्यातून भाषण केलं. भाषण कळायला खर्ज लागत नाही. माणसाच्या बोलण्यातले अर्थाचे बारकावे वरच्या पट्टीत असतात. कर्ण्याच्या आकाराचा भोंगा ती पट्टी लांब फेकतो. पण खालचे सूर फेकायचे तर कर्ण्याचं तोंड काही मीटर रुंद लागेल. जत्रेत विजेच्या खांबाला बांधलेला पत्र्याचा कर्णा आठवा. त्यातून निवेदकाचं प्रत्येक अक्षर कळतं आणि ढोलकीचा नुसता ‘टक टक’ उरतो.

१९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकूच्या आणि हलत्या कॉइलच्या स्पीकरवर निबंध प्रसिद्ध केला. आज तुमच्या कुठल्याही स्पीकरचं जाळीचं झाकण काढलंत तर आत जे दिसतं, ते मुळात तेच आहे. शंभर वर्षांत साहित्य बदललं, तत्त्व नाही. या शंकूने पहिल्यांदा खर्जाला वाट करून दिली. पण ती वाट घरातल्या रेडिओपर्यंत आणि सिनेमागृहापर्यंतच होती.

किंचाळ्यांच्या खाली बुडालेला बेस

मैफलीत बेस वाजवणाऱ्याची अवस्था तोवर केविलवाणी होती. माणसाहून उंच असं लाकडी डबल बास खांद्यावर टाकून हिंडायचं आणि ट्रम्पेट सुरू झाले की कुणालाच ऐकू जायचं नाही. लिओ फेंडर यांनी १९५१मध्ये प्रिसिजन बेस नावाची विजेची बेस गिटार बाजारात आणली. तिची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात, म्हणजे ४१ हर्ट्झ. वाद्य आलं, पण ते सूर मोठ्या गर्दीपर्यंत नेणारं यंत्र कुठे होतं?

ते नव्हतं, हे १५ ऑगस्ट १९६५ला जगाने पाहिलं. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सना ऐकायला सुमारे ५५ हजार माणसं जमली. व्हॉक्स कंपनीने खास या दौऱ्यासाठी १०० वॉटचे अॅम्प्लिफायर दिले होते. गिटार आणि बेसचा आवाज स्टेजवरच्या त्या अॅम्पमधूनच काय तो निघत होता. गाण्यासाठी होती स्टेडियमची स्वतःची यंत्रणा, म्हणजे बेसबॉलच्या सामन्यात खेळाडूंची नावं पुकारणारी. पोरींच्या किंचाळ्यांपुढे या सगळ्याचा काही टिकाव लागला नाही. पॉल मॅकार्टनीचा बेस किती जणांनी ऐकला असेल याचा अंदाज तुम्हीच करा. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीटल्सनी दौरे करणं बंद केलं. स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नाही, हे त्यामागचं एक कारण होतं.

यावर उद्योगाने शोधलेला पहिला उपाय अगदी आमच्यासारखाच होता: आणखी मोठं आणा. १९६९मध्ये अॅम्पेग कंपनीने एसव्हीटी नावाचा ३०० वॉटचा बेस अॅम्प काढला आणि त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यात तो वापरला गेला. त्याच उन्हाळ्यात वुडस्टॉकच्या शेतात बिल हॅन्ली यांनी उंच मचाणांवर स्पीकर चढवून लाखोंच्या गर्दीला गाणी ऐकवली. आवाज वाढला, पोचही वाढली. पण खर्जाचा खरा अभ्यास तोवर एका वेगळ्याच ठिकाणी, फारच कमी पैशांत चालू होता.

किंग्स्टनची गल्ली

जमैकाची राजधानी किंग्स्टन. १९४०-५०च्या दशकांतल्या तिथल्या कष्टकरी वस्त्यांत जिवंत वाद्यवृंद बोलावणं परवडायचं नाही. मग काय करायचं, तर रेकॉर्ड प्लेअर, घरी बनवलेला अॅम्प आणि भली मोठी लाकडी खोकी अंगणात मांडायची, तिकीट लावायचं आणि रात्रभर नाचायचं. याला ‘साउंड सिस्टिम’ म्हणायचे. टॉम द ग्रेट सेबॅस्टियन, ड्यूक रीड, कॉक्सन डॉड ही त्यातली गाजलेली नावं. दोन सिस्टिमवाले समोरासमोर उभे ठाकायचे आणि ज्याची खोकी जास्त घुमतील त्याच्याकडे गर्दी वळायची. आपल्याकडे दोन बेंजो पार्ट्या चौकात आमनेसामने आल्यावर जे होतं, तसंच.

या खोक्यांमागे हेडली जोन्ससारखे कारागीर होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात रडारचं तंत्र शिकून आलेला हा माणूस किंग्स्टनमध्ये अॅम्प बांधायचा. पुढच्या पिढीत ऑस्बर्न रडॉक आला, ज्याला जग किंग टबी म्हणून ओळखतं. तो मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याने १९७०च्या आसपास एक उलटी गोष्ट केली. तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकला, गिटार मागे नेली आणि बेस आणि ड्रम मोकळे सोडले. यातूनच ‘डब’ नावाचा संगीतप्रकार उभा राहिला. त्याच्या स्वतःच्या सिस्टिमवर हे वाजलं की लोक वेडे व्हायचे.

टबीच्या या कामात आमच्यासाठी एक धडा होता, तो मला फार उशिरा कळला. बेस मोठा ऐकू यावा म्हणून त्याने बेस वाढवला नाही. त्याच्या वाटेतलं बाकीचं काढलं. आम्ही मात्र गायकाच्या माइकमधून येणारी घुरघुर, कीबोर्डचा डावा हात, स्टेजच्या फळ्यांचा दणदणाट, सगळं एकाच सबमध्ये ओतत होतो आणि वर म्हणत होतो, बेस स्वच्छ येत नाही.

१९७४ : एक भूकंप आणि एक भिंत

खर्जाच्या इतिहासात १९७४ हे साल ठळक आहे. त्या नोव्हेंबरमध्ये युनिव्हर्सलचा ‘अर्थक्वेक’ हा सिनेमा आला. भूकंपाच्या दृश्यात प्रेक्षकांच्या खुर्च्या हादराव्यात म्हणून ‘सेन्सराउंड’ नावाची यंत्रणा लावली होती. सर्विन-व्हेगा कंपनीचे प्रचंड सब थिएटरात आणून ठेवायचे आणि कानाला जेमतेम कळतील असे अतिखर्ज सूर सोडायचे. हॉलिवूडच्या प्रसिद्ध चायनीज थिएटरमध्ये छताचे पोपडे प्रेक्षकांवर पडू नयेत म्हणून वर जाळी बांधावी लागली. खर्ज नुसता ऐकायचा नसतो, तो अंगाने अनुभवायचा असतो, हे सामान्य प्रेक्षकाला त्या सिनेमाने दाखवून दिलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या डेली सिटीच्या काऊ पॅलेसमध्ये ग्रेटफुल डेड या बँडने आपली ‘वॉल ऑफ साउंड’ पूर्ण रूपात उभी केली. आवाजाची भिंत. आपल्याकडे गणपतीत ‘डीजेची भिंत’ म्हणतात, पण ही भिंत वेगळ्याच डोक्यातून निघाली होती. ऑउस्ली स्टॅनली, डॅन हिली, रॉन विकरशॅम अशा मंडळींनी ती घडवली. सुमारे सहाशे स्पीकर, अठ्ठेचाळीस मॅकिंटॉश अॅम्प, एकूण वजन सुमारे ७५ टन. हे आकडे सगळे सांगतात. पण मला महत्त्वाची वाटते ती तिची रचना.

एक, भिंत बँडच्या मागे होती. म्हणजे वादक जे ऐकत तेच प्रेक्षक ऐकत. ‘तुला स्टेजवर कसं येतंय’ आणि ‘बाहेर कसं जातंय’ हा आमचा रोजचा तंटा तिथे नव्हताच. मग माइक शिट्टी का मारत नव्हते? त्यांनी प्रत्येक गायकापुढे दोन माइक लावले, एकमेकांना उलटे जोडून. गायक एकातच गायचा. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखा शिरायचा आणि उलट जोडणीमुळे एकमेकांना खाऊन टाकायचा. दोन, प्रत्येक वाद्याचा आपापला स्वतंत्र खांब होता. फिल लेशच्या बेसच्या तर चारही तारा वेगवेगळ्या पाठवता येत. त्याच्यासाठी पंधरा इंची स्पीकरांचे उंचच उंच खांब होते. बेस एका जागेहून निघायचा आणि गिटारीत मिसळून गढूळ व्हायचा नाही.

ही भिंत त्याच ऑक्टोबरपर्यंतच टिकली. एका गावात कार्यक्रम चालू असताना पुढच्या गावात मचाण बांधायला घ्यावं लागे, म्हणून मचाणांचे दोन संच फिरवावे लागत. खर्च आणि थकवा परवडेना. पण प्रश्न योग्य विचारला गेला होता. ‘किती वॉट?’ हा तो प्रश्न नव्हता. ‘आवाज कुठून निघतोय आणि कुठे कुठे पोचतोय?’ हा होता.

न्यूयॉर्कमध्ये १९७७ ते १९८७ या काळात चाललेल्या पॅरडाइज गराज या नाचघरात रिचर्ड लाँग यांनी हाच प्रश्न बंद जागेसाठी सोडवला. तिथला डीजे लॅरी लेव्हनच्या नावाने ओळखले जाणारे बेसचे कर्णे त्यांनी खास बांधले. गोदामासारख्या त्या जागेत बेस अंगाला मिठी मारायचा आणि तरीही माणसं एकमेकांशी बोलू शकायची, अशी तिची ख्याती आहे.

पुन्हा कडुनिंबाखाली

आता काकांकडे येऊ. आमच्या स्टेजच्या दोन कडांना दोन सब होते, एकमेकांपासून १२ मीटरवर. सगळेच तसे ठेवतात. मध्ये ठेवले तर कलाकार झाकले जातात, बॅनर झाकला जातो, आणि बॅनर झाकलेला प्रायोजकाला चालत नाही.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ४१ हर्ट्झच्या सुराची एक लाट म्हणजे सुमारे ८.४ मीटर. आमच्या भाड्याच्या टेम्पोपेक्षा लांब. कडुनिंब स्टेजपासून २० मीटर पुढे आणि मध्यरेषेपासून ८ मीटर डावीकडे होता. नंतर मी टेप घेऊन मोजलं. डाव्या सबपासून झाडापर्यंत वीस मीटर, उजव्यापासून सव्वाचोवीस. फरक सव्वाचार मीटरच्या आसपास, म्हणजे बरोबर अर्धी लाट. डाव्या सबची लाट काकांपाशी हवा ढकलत होती त्याच क्षणी उजव्या सबची लाट ती ओढत होती. बेरीज जवळजवळ शून्य.

हे सगळ्या सुरांना होत नाही. एक सप्तक वरच्या ८२ हर्ट्झला तोच फरक पूर्ण एक लाट होतो, म्हणून तिथे दोन्ही सब एकमेकांना मदत करतात. म्हणजे कडुनिंबाखाली खालच्या सुरांचा पाया निसटत होता, वरचे सूर अचानक दणकत होते. ऐकणाऱ्याला वाटणार, पोरगा मधे मधे थांबतोय. काका कानाने पक्के होते. इंजिनाचा कुठला सिलिंडर चुकतोय हे आवाजावरून ओळखणारा माणूस. त्यांनी बिनचूक निदान केलं होतं. इंजिन मात्र मी बिघडवलं होतं.

आणि मी मध्यावर उभा होतो. मध्यरेषेवर दोन्ही सब अगदी सारख्या अंतरावर असतात, तिथे सगळेच सूर दुप्पट दाबाने येतात. साउंडवाले या पट्ट्याला ‘पॉवर अॅली’ म्हणतात. मिक्सर बहुतेक वेळा नेमका तिथेच असतो. म्हणजे ज्याने आवाज ठरवायचा तो मैदानातल्या सगळ्यात खोटं बोलणाऱ्या जागेवर उभा. दोन सब वाढवून आम्ही पट्टा आणखी तापवला आणि खड्डा होता तिथेच ठेवला.

यावरचा उपाय फुकट होता. सगळे सब एकत्र, मध्यावर, स्टेजच्या पुढ्यात जमिनीवर. उगम एकच झाला की एकमेकांना खाणारं दुसरं कुणी उरत नाही. वर दोन सब खेटून ठेवले की त्यांचा दाब थेट दुप्पट, म्हणजे सहा डेसिबल जास्त. तेवढी वाढ निव्वळ अॅम्पच्या जोरावर हवी असती तर चौपट वॉट लागले असते. जमिनीवर ठेवल्याने आणखी फायदा, कारण खाली जाणारी ताकद जमीन परत पाठवते.

बाकीची कामंही साधी आहेत. गायकांच्या आणि गिटारच्या चॅनेलवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाकायचं, म्हणजे सबमध्ये फक्त किक आणि बेस उरतात. टबीचा धडा. मग सब आणि वरचे टॉप यांची वेळ जुळवायची. सब मध्ये आणि टॉप कडेला असले की दोघांचा आवाज वेगवेगळ्या क्षणी पोचतो. जो आधी पोचतो त्याला डिले देऊन थांबवायचं. शेवटी एका सबची जोडणी उलटी करून ऐकायचं. दोन्हींपैकी ज्या जोडणीत बेस भरीव वाटेल ती ठेवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साउंडचेकला मिक्सर सोडून मैदानभर चालायचं. कडुनिंबापर्यंत.

जो खर्ज नको त्यांच्यापर्यंत जातो

इथे गोष्ट संपवता आली असती. पण खर्जाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ती अर्धीच राहील.

सब सगळ्या दिशांना वाजतो. पुढे जितका, साधारण तितकाच मागे. मागे कुणाचं तरी घर असतं. आमच्या गल्लीत विसर्जनाच्या रात्री मिरवणूक वळली की फळीवरची स्टीलची भांडी आपोआप वाजू लागतात. खिडक्या लावून उपयोग होत नाही. लांब लाटांना भिंत अडवत नाही, ती त्यांच्याबरोबर हलते.

कायदा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५मध्ये त्यावर सविस्तर निकाल दिला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण ही मोजणी ‘ए’ मापाने होते, आणि या मापाचा पाया म्हणजे फ्लेचर-मन्सन यांच्यासारखे आलेख, तेही हळू आवाजासाठीचे. कान खर्जाला कमी मोजतो, म्हणून मीटरही कमी मोजतो. ५० हर्ट्झच्या सुरातून हे माप सुमारे ३० डेसिबल वजा करतं. भिंतीतून १०० डेसिबलचा खर्ज येत असेल तर मीटरवर ७० दिसतात. मर्यादेहून ते जास्तच आहेत, पण ज्या आजोबांच्या छातीत धडधडतंय त्यांना विचाराल तर आकडा पटणार नाही. मीटर हातात धरणारा आणि पलंगावर पडलेला, दोघे खरं बोलत असतात आणि दोघांचं जुळत नाही.

यावरही इतिहासात उत्तर आहे. हॅरी ओल्सन हे आरसीएचे शास्त्रज्ञ. एका दिशेचंच ऐकणारे रिबन माइक घडवण्यात १९३०च्या दशकात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी १९७३मध्ये निबंध लिहून तेच गणित स्पीकरला लावलं. माइक एका बाजूने बहिरा होऊ शकतो, तर स्पीकर एका बाजूने मुका का होऊ नये? एका सबच्या मागे दुसरा ठेवायचा. ६० हर्ट्झसाठी अंतर साधारण १.४ मीटर, पाव लाट. मागच्याची जोडणी उलटी करायची आणि त्याला चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त उशीर द्यायचा, म्हणजे पुढच्याचा आवाज मागच्यापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मागच्या बाजूला दोघे एकमेकांना पुसून टाकतात, पुढच्या बाजूला त्यांची बेरीज होते. आज जगभरच्या मोठ्या मैफलींत याला ‘कार्डिऑइड’ मांडणी म्हणतात. स्टेजवरची घुरघुर जाते, मागच्या घरांची झोप वाचते आणि ताकद लागते तिथे जाते.

त्यासाठी लागतात दोन सब आणि डिले देणारा साधा डिजिटल प्रोसेसर. आपल्याकडे मिरवणुकीत पन्नास खोक्यांची भिंत लावणाऱ्याकडे हे दोन्ही असतं. नसते ती फक्त इच्छा, कारण आपल्याकडे अजून ‘किती?’ हाच प्रश्न विचारला जातो. ‘कुठे?’ हा नाही.

पार

पुढच्या वर्षी त्याच मैदानात आमचा कार्यक्रम होता. मी सब मध्यावर, स्टेजच्या पुढे ठेवले. प्रायोजकाचा बॅनर दीड फूट वर सरकवायला लावला, त्यावरून थोडी वादावादी झाली. भाडं मागच्यापेक्षा कमी लागलं, कारण दोन सब परत पाठवले होते. साउंडचेकला मी बेसवाल्याला सगळ्यात खालची तार एकसारखी वाजवत ठेवायला सांगितलं आणि मैदानभर फिरलो. मधल्या पट्ट्यात पूर्वीसारखा दणका नव्हता. क्षणभर मलाच वाटलं, कमी पडतोय. मग कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिलो. तिथेही तेवढाच होता. पाराचा दगड हाताला किंचित थरथरत होता.

रात्री काका तिथेच येऊन बसले. कार्यक्रम संपल्यावर स्टेजपाशी आले. पोरगा केबल गुंडाळत होता, वर बघायचं टाळत होता.

काका त्याला काही बोलले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "आज मिसफायर नव्हतं."

मग बेसची पेटी त्यांनीच उचलली आणि टेम्पोकडे चालू लागले.